तक्रार एका रकान्यात, दोष दुसऱ्यात

लिफ्ट मधेच अडकली की आतली माणसं तीनच गोष्टी सांगतात. करंट गेला, मोटर जळली, नाहीतर दोर तुटायला आला. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं, आधी फरीदाबादच्या एका कंपनीत नोकरी म्हणून आणि नंतर गुडगावात स्वतःची कंपनी काढून. या तिन्हीपैकी एखादी गोष्ट खरी निघाल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. तरी आतल्या माणसाचं बोलणं मी कधी उडवून लावलं नाही. त्याला यंत्रातलं काही कळत नसतं, पण अडकलेला तो असतो आणि बाहेर उभी मी असते.

हे सगळं आठवायचं कारण मैत्रेयी. आमच्याच सोसायटीत सातव्या मजल्यावर राहते, आईवडील नागपूरचे, ती मात्र पक्की दिल्लीकर. तिने स्टार्टअप काढलंय. सोसायट्यांच्या फाटकाशी टपरी टाकून बसलेल्या प्रेसवाल्यांना फोनवरून जोडायचं, कपडे उचलायचे, इस्त्री करून घरी पोचवायचे. मागच्या रविवारी ती लॅपटॉप काखोटीला मारून आली आणि सोफ्यावर धपकन बसली.

"काकू, माझं डोकं बिल्कुल बंद पडलंय. इन्व्हेस्टर म्हणतात ड्रायक्लीनिंग ॲड कर. एक मेंटर म्हणतात, शहर वाढव. दुसरे म्हणतात, नको, आधी प्राइस वाढव. पप्पांचं तर एकच, जॉब पकड. आता कोणाचं ऐकू?"

तिच्याकडे सल्ल्यांची चक्क यादी होती, पानभर. आमच्या वेळी स्टार्टअप हा शब्द नव्हता. धंदा होता, आणि दिल्लीतल्या मराठी नोकरदार घरांत तो शब्दही जरा हळू आवाजातच उच्चारला जायचा. सल्ले मात्र तेव्हाही असेच पानभर होते.

मी उठले आणि कपाटातून एक जुनं कार्ड काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. आमच्या कंपनीचं सर्व्हिस कार्ड. पिवळट जाड कागद, त्यावर तीन रकाने. पहिला 'तक्रार', दुसरा 'सापडलेला दोष', तिसरा 'केलेली दुरुस्ती'. माझ्याकडे नोकरीला लागलेल्या प्रत्येक मेकॅनिकला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावली जायची. गिऱ्हाईक जे बोलेल ते पहिल्या रकान्यात, त्याच्याच शब्दांत, एक अक्षर न गाळता. दुसऱ्या रकान्यात मात्र गिऱ्हाइकाचा एक शब्दही येता कामा नये. तिथे जाऊन, उघडून, डोळ्यांनी पाहिल्यावर जे दिसेल तेवढंच तिथे लिहायचं. गिऱ्हाइकाने 'मोटर गई' म्हटलं म्हणून दोषाच्या रकान्यात 'मोटर' लिहिणाऱ्याला मी उभ्या उभ्या घरी पाठवलेलं आहे.

बाहेरच्या माणसाला यात विशेष काय ते कळत नाही, म्हणून एक किस्सा सांगते. नवव्या मजल्यावर राहणारे एक पंजाबी गृहस्थ दर आठवड्याला फोन करायचे. म्हणायचे, "मॅडम, आपकी लिफ्ट मंगल को रोती है." मंगळवारी लिफ्ट रडते. उपायही त्यांच्याकडे तयार होता. कोणा भटजीला बोलावून शांत करून घ्या, मी खर्च देतो. मेकॅनिक दोनदा जाऊन आले, लिफ्ट गुळगुळीत चालत होती. ते गेले होते सोमवारी आणि गुरुवारी. शेवटी मी मंगळवारी संध्याकाळी स्वतः जाऊन उभी राहिले. सहा वाजता आठ धष्टपुष्ट बायका ढोलक आणि बाजाची पेटी घेऊन आत शिरल्या, दहाव्या मजल्यावर कीर्तन होतं, आणि लिफ्ट खरोखर रडायला लागली. लिफ्ट दोन उभ्या रुळांमधून वर-खाली जाते. त्यातला एक रूळ कोरडा पडला होता, आणि भार वाढला की तिथे घासून आवाज यायचा. थोडं तेल घातलं आणि रडं थांबलं. गृहस्थांचं म्हणणं वारासकट खरं होतं, चुकीचा होता तो फक्त उपाय. आमच्या धंद्यातलं निम्मं शहाणपण या एका कार्डात संपतं असं मी अभिमानाने सांगत असे. आणि तेच शहाणपण मी स्वतः एकदा असं काही विसरले की कंपनी बुडायची वेळ आली.

कंपनी काढली तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझा नवरा सुहास मंत्रालयात होता. डोक्यावरचं छप्पर सरकारचं आणि महिन्याचा पगार त्याचा, म्हणून मी नोकरी सोडायचं धाडस करू शकले. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर उगीच शौर्यकथा व्हायची. गुडगावात तेव्हा नुसती धूळ उडत होती आणि त्या धुळीतून दहा-दहा, बारा-बारा मजल्यांचे टॉवर उभे राहत होते. लिफ्ट बसवणाऱ्या मोठ्या कंपन्या होत्या. पण बसवून झाल्यावर तिची देखभाल करायला कोणाला फुरसत नव्हती. ते काम आम्ही घेतलं.

आम्ही म्हणजे मी, सतबीर आणि पांडेजी. दोघे फरीदाबादेत माझ्या हाताखाली होते, माझ्यामागून नोकरी सोडून आले. सतबीर हरियाणाचा, गुडगावजवळच्याच गावचा, आवाज असा की तळमजल्यावरून बोलला तर गच्चीवर ऐकू जावा. पांडेजी वयाने मोठे, गोरखपूरकडचे, कमी बोलणारे. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक जुना टूथब्रश असायचा. महिन्याच्या फेरीला गेले की प्रत्येक मजल्यावर बसकण मारायचे आणि दाराच्या उंबऱ्यातली खाच त्या टूथब्रशने साफ करायचे. बाकीचे मेकॅनिक हसायचे. एका टॉवरला त्यांचा अख्खा दिवस जायचा.

तिसऱ्या वर्षी भसीन साहेब आले. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, चार ठिकाणी भांडवल घातलेले, बोलणं मृदू, इंग्रजी अस्खलित. त्यांनी आमच्यात पैसा घातला आणि महिन्यातून एकदा हिशेब आणि काम पाहायला येऊ लागले. माणूस हुशार होता. दुसऱ्याच भेटीत रजिस्टर चाळून त्यांनी बोट ठेवलं.

"मिसेस सामंत, तुमची माणसं पुन्हा पुन्हा त्याच त्या लिफ्टकडे जातात. सेम लिफ्ट, सेम बिल्डिंग. आप भाग रही हैं, पर वहीं की वहीं."

खरं होतं. मला ते दिसलं नव्हतं, त्यांना दिसलं. मी इतकी भारावले की पुढचंही सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, महिन्याच्या फेऱ्यांत वेळ वाया जातोय. फेरी दोन महिन्यांतून एकदा करा. मोकळी झालेली माणसं नव्या सोसायट्या मिळवायला लावा. तक्रारी घ्यायला फोनवर मुली बसवा, तक्रार आली की माणूस पाठवा. आणि जो सर्वांत हळू काम करतो त्याला जाऊ द्या.

सतबीरने नाक मुरडलं, पण मी त्याला बोलू दिलं नाही. पांडेजींना मीच बोलावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली, खिशातला टूथब्रश काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मैडम, खाँचा साफ रखवाइएगा." मी तो खणात टाकला. आजही तो प्रसंग आठवला की मला माझाच राग येतो.

काही महिने सगळं झकास चाललं. नव्या सोसायट्या मिळाल्या, फोनवर दोन चुणचुणीत मुली बसल्या. तक्रारी वाढल्या, पण भसीन साहेब म्हणाले, गिऱ्हाइकं वाढली की तक्रारी वाढणारच. मला ते पटलं. पटवून घ्यायचंच ठरवलं की काहीही पटतं.

आमची सर्वांत मोठी सोसायटी तीन टॉवरची होती. तिचे अध्यक्ष एक निवृत्त ब्रिगेडियर. गुडगावातल्या निम्म्या सोसायट्या ते काय करतात ते पाहून ठरवायच्या. त्यांनी मला आधीच ऐकवलं होतं, "वन मोर टाइम, मिसेस सामंत, अँड यू आर आउट." ही सोसायटी गेली तर मागोमाग बाकीच्याही जाणार आणि माझ्या अकरा माणसांची घरं बसणार, हे मला नीट ठाऊक होतं.

आणि मग करवा चौथ आली.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते. या दिवशी उत्तरेकडच्या सवाष्णी दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता उपास करतात आणि रात्री चाळणीतून चंद्र पाहून मग सोडतात. टॉवरमध्ये राहणाऱ्या बाईला चंद्र पाहायला गच्चीवर जावं लागतं. म्हणजे शंभर-दीडशे घरांतल्या बायका नटूनथटून, हातात थाळी घेऊन, एकाच पंधरा मिनिटांत लिफ्टपाशी येतात. लिफ्टची इतकी मोठी परीक्षा वर्षात दुसरी नसते. हे सतबीरला कळत होतं. दोन दिवस आधी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"मैडम जी, करवा चौथ नै तीनों टावर में एक-एक आदमी खड़ा कर दो. साढ़े सात बजे तैं."

नव्या वेळापत्रकात संध्याकाळी एकच माणूस होता, सगळ्या सोसायट्यांना मिळून. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ते मराठी कॅलेंडर दर वर्षी माझा भाऊ मुंबईहून पाठवायचा. करवा चौथ म्हणजे आपली संकष्टीच, त्यामुळे चंद्रोदयाची वेळ चौकटीत छापलेलीच होती. नऊला थोडा अवकाश.

"चाँद नौ बजे के आसपास है," मी म्हटलं. "साढ़े आठ बजे एक आदमी पहुँच जाएगा. काफी है."

"ना जी. म्हारे यहाँ तो आठ बजे लिकड़ आवै है."

"सतबीर, छापलंय इथे," मी मराठीतच म्हणाले आणि विषय संपवला.

छापलेली वेळ मुंबईची होती. दिल्लीत चंद्र त्याच्या बराच आधी उगवतो. माझ्या सासूबाई आमच्याकडे असताना दर संकष्टीला कॅलेंडरमधल्या वेळेतून अर्धा-पाऊण तास वजा करत आणि मला मोठ्याने सांगतही. मी स्वयंपाकघरातून 'हो हो' म्हणत असे. दिल्लीत इतकी वर्षं राहून मी मुंबईच्या चंद्रावर माणसांची ड्यूटी लावली. असली चूक फक्त आमच्यासारखी मराठी माणसंच करू शकतात.

त्या दिवशी मी ऑफिसातून निघायच्या तयारीत होते. आठला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजू लागले. मुली भराभर लिहून घेत होत्या. मधल्या टॉवरची लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे अडकली होती. आत अकरा बायका होत्या. ब्रिगेडियर साहेबांच्या घरी चौथ्या मजल्यावर कथा ऐकून सगळ्या मिळून गच्चीवर निघाल्या होत्या, आणि त्यांत स्वतः ब्रिगेडियरीणबाई होत्या. संध्याकाळचा मेकॅनिक दुसऱ्या टोकाला कुठेतरी होता. मी गाडी काढली.

सहाव्या मजल्यावर नवऱ्यांची गर्दी होती आणि प्रत्येक नवरा सल्ला देत होता. दार फोडा. वरून दोर टाका. जनरेटर लावा. ब्रिगेडियर साहेब फक्त घड्याळ पाहत होते, आणि मला त्यांचीच जास्त भीती वाटली. मी दाराला तोंड लावून आत हाक मारली. आतला दिवा चालू होता, पंखा बंद होता. एकीला गरगरत होतं. सकाळपासून पाणी नाही आणि दाटीवाटीने उभ्या. पाणी द्यायची सोय असती तरी त्यांतल्या कोणी ते घेतलं नसतं.

"चाँद निकल आया क्या?" ब्रिगेडियरीणबाईंनी आतून विचारलं.

कोणीतरी म्हणालं, निघाला. आत एकच कालवा झाला.

"तो हमें ऊपर ले चलो," त्या म्हणाल्या. "जल्दी ऊपर लो. मोटर जल गई है तो हाथ से खींचो, पर ऊपर."

अडकलेली लिफ्ट हाताने हलवता येते. गच्चीच्या खोलीत यंत्र असतं. मुख्य स्विच बंद करायचा, मग एकाने ब्रेक जरा जरा सैल सोडायचा आणि दुसऱ्याने चाक धरून फिरवायचं. एकट्याचं काम नाही. मी उरलेले मजले जिन्याने चढले, खोली उघडली, आणि जोडीला कोण घ्यावं म्हणून मागे पाहते तर जिन्यातून सतबीरचा आवाज आला.

"आया, मैडम जी."

त्याला कोणी बोलावलं नव्हतं. साडेसातलाच तो गावातून मोटरसायकलवर निघाला होता. मागे त्याची बायको होती, लाल ओढणी, मांडीवर झाकलेली थाळी. नवरा कामावर जातोय म्हटल्यावर तीही चंद्र पाहायला त्याच्याबरोबरच आली होती. ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली आणि तो एक शब्द न बोलता ब्रेकच्या दांड्याशी गेला. 'मी सांगितलं होतं' एवढं तरी त्याने म्हणायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

आता लिफ्टची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. लिफ्टच्या दुसऱ्या बाजूला एक वजन लटकत असतं, रिकाम्या लिफ्टहून जास्त आणि भरलेल्या लिफ्टहून कमी. म्हणून रिकाम्या लिफ्टचा ब्रेक सोडला तर ती वर जाते. अकरा बायकांनी भरलेली असेल तर खालीच येणार. तिला वर खेचायचं म्हणजे अर्धा तास ताकद लावा, आणि तेवढा वेळ आत गरगरणारी बाई उभी.

मागोमाग वर आलेल्या चौकीदाराला मी खाली पिटाळलं. "कह दो, ऊपर नहीं, नीचे आएगी. हाथ-पैर दरवाजे से दूर."

खालून निषेधाचा आवाज आला. आम्ही ऐकला नाही. सतबीरने ब्रेक सोडला, मी चाक धरलं, आणि बोटाबोटाने लिफ्ट सहाव्या मजल्यावर आली. दार उघडलं. मी धापा टाकत खाली पोचले तेव्हा बायका बाहेर आल्या होत्या आणि ब्रिगेडियरीणबाई मला सुनावायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात त्यांच्यामागची एक जण ओरडली, "अरे, वो रहा." सहाव्या मजल्याच्या जिन्याला पूर्वेकडे मोठी जाळी होती आणि जाळीत चंद्र होता, मोठा, पिवळा. अकराही जणी तिथेच चाळण्या घेऊन उभ्या राहिल्या. नवरे हजर होतेच.

वर सतबीरच्या बायकोने त्याच्या हातून पाणी घेतलं. नंतर सतबीर एकेक मजला उतरत दारं तपासत आला आणि चौथ्या मजल्यावर थांबला. दाराच्या खाचेत कित्येक आठवड्यांची माती साचली होती आणि तिच्यावर थाळीतून सांडलेले गहू आणि तांदूळ. त्यामुळे दार पुरतं लागलं नव्हतं, आणि कुठल्याही एका मजल्याचं दार उघडं असलं की लिफ्ट जिथे असेल तिथे थांबते. कसंबसं टेकलं म्हणून लिफ्ट सुटली, जरा हादरा बसल्यावर दार हललं आणि ती थांबली. मोटरला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गोष्टी आल्या. ब्रिगेडियर साहेबांचं करार रद्द करायचं पत्र, आणि भसीन साहेब. पत्र वाचून ते शांतपणे म्हणाले, "जाने दीजिए. घरांच्या सोसायट्यांत इमोशन फार असतं. ऑफिसांचे टॉवर पकडा."

माझ्यासमोर फोनवरच्या मुलींचं रजिस्टर उघडं होतं. पानोपानी दोषाच्या रकान्यात लिहिलेलं होतं 'मोटर खराब', 'मोटर खराब', 'करंट नहीं'. माझा पारा चढला. मी मुलीला बोलावलं.

"हे कोणी सांगितलं तुला, मोटर खराब आहे म्हणून?"

"मॅडम, कस्टमर ने बोला."

"कस्टमर बोलेल ते तक्रारीच्या रकान्यात लिहायचं. तो बोलला म्हणून ते दोषाच्या रकान्यात कसं जातं? तू जाऊन पाहिलंस?"

एवढं बोलले आणि माझी मीच थांबले. समोर भसीन साहेब बसले होते. 'पुन्हा पुन्हा तीच लिफ्ट' ही त्यांची तक्रार होती आणि ती सोळा आणे खरी होती. पण 'फेऱ्या जास्त होतात' हा दोष मी कुठे जाऊन पाहिला होता? त्यांच्या तोंडून आला तसा मी उचलून दुसऱ्या रकान्यात लिहिला, का, तर बोलणाऱ्याचा पैसा होता आणि इंग्रजी चांगलं होतं. ज्या चुकीसाठी मी मेकॅनिकांना घरी पाठवलं ती मी स्वतः केली होती, वर घरी पाठवलं होतं पांडेजींना.

त्या दिवशी ऑफिसचं शटर अर्धं ओढून मी आणि सतबीर जमिनीवर बसलो आणि वर्षभराची सगळी कार्डं पसरली. इमारतीप्रमाणे नाही, दोषाप्रमाणे लावली. संध्याकाळपर्यंत एक ढीग बाकी सगळ्यांहून उंच झाला. दार, दार, दार. खाचेत माती, खाचेत बिस्किटाचा कागद, खाचेत बांधकामाची रेती. लिफ्ट पुन्हा पुन्हा बंद पडत होती कारण तिचा उंबरा कोणी झाडत नव्हतं. पांडेजींच्या टॉवरांची जुनी कार्डं काढली. ते असेपर्यंत त्या ढिगात त्यांचं एकही कार्ड नव्हतं. मी खण उघडला आणि तो टूथब्रश बाहेर काढला. मला रडू आलं, आणि सतबीर सभ्यपणे पंख्याकडे पाहत राहिला.

मी ब्रिगेडियर साहेबांकडे गेले. त्यांचाही उपाय तयार होता, प्रत्येक टॉवरमध्ये दिवसभर एक मेकॅनिक बसवा. या वेळी मी शिकले होते. विचारलं, "सर, उपाय राहू द्या. तुम्हाला नेमकं काय दिसलं ते सांगा."

ते जरा चिडले, मग विचार करून म्हणाले, "जरूरत के वक्त आपका कोई आदमी नहीं था. बाकी टाइम मुझे कोई नहीं चाहिए."

हे मी पहिल्या रकान्यात लिहून घेतलं. मग त्यांना सांगितलं की बसून राहिलेला मेकॅनिक झोपा काढेल. त्यापेक्षा आठवड्याला एक माणूस फक्त दारांच्या खाचा साफ करून जाईल, तुमच्या सफाईवाल्यांनाही शिकवेल, आणि सणावारी संध्याकाळी माझा माणूस खाली उभा असेल. त्यांनी पत्र परत घेतलं नाही, पण तीन महिने थांबवलं.

भसीन साहेबांना हे सांगणं जास्त अवघड गेलं. ते म्हणाले, मी फेऱ्या कमी करायला सांगितल्या आणि तुम्ही चौपट करताय. मी म्हटलं, "साहेब, आमच्यात रीत आहे. लिफ्ट ठीक झाली असं जो म्हणेल त्याने तिच्यात आधी एकट्याने बसून वर-खाली जाऊन यायचं. तुमचा उपाय करू आपण, पण तीन महिने तुम्ही बाराव्या मजल्यावर राहायला या." ते हसले नाहीत. पुढचा हप्ता त्यांनी रोखून धरला. सुहासने रात्री जेवताना एवढंच विचारलं, "तू स्वतः जाऊन पाहिलंयस ना?" मी हो म्हटलं, तर म्हणाला, "मग झालं."

आम्ही सगळ्यांसाठी ब्रश आणले. कुणी हसलं की सतबीर त्याला पहिली खाच साफ करायला लावायचा. त्याच्या बायकोने आम्हाला सणांची यादी करून दिली, लोहडीपासून भाईदूजपर्यंत, प्रत्येकापुढे बायका किती वाजता घराबाहेर पडतात त्या वेळेसकट. माझ्या कंपनीत आलेल्या सल्ल्यांपैकी सर्वांत उपयोगी पान ते, आणि ते देणारी बाई लिफ्टमध्ये फारशी कधी चढलीच नव्हती. तेव्हापासून मी सल्ला कोणाचा आहे हे पाहणं सोडलं. त्याने स्वतः काय पाहिलंय तेवढं विचारायला लागले.

पहिल्या महिन्यात फोन कमी झाले. दुसऱ्या महिन्यात फोनवरच्या मुली स्वेटर विणू लागल्या. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ब्रिगेडियर साहेबांनी पत्र माझ्यासमोर फाडलं आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्या अध्यक्षांना चहाला बोलावून माझी ओळख करून दिली. भसीन साहेबांनी हप्ता पाठवला. पुढे एका बैठकीत नव्या लोकांना ते सांगत होते, "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, सेम लिफ्ट अगेन अँड अगेन." मी मोठ्याने दुजोरा दिला. म्हटलेलंच होतं त्यांनी.

पांडेजींना मी पत्र लिहिलं, माफी मागितली, परत या म्हटलं. त्यांच्या मुलाचं उत्तर आलं, वडील आता गावीच राहतील, तुम्ही खाच साफ ठेवता हे ऐकून त्यांना बरं वाटलं. ते आले नाहीत. या धंद्यातली एवढी एक दुरुस्ती माझ्या हातून व्हायची राहिली.

हे सगळं ऐकून मैत्रेयीने आपली यादी पुन्हा उघडली.

"म्हणजे काकू, ड्रायक्लीनिंग पहिल्या रकान्यात पण नाही? तो तर उपाय आहे."

"शाब्बास. त्यांना विचार, तुम्हाला काय दिसलं म्हणून ड्रायक्लीनिंग सुचलं? ते लिहून घे. मग प्रेसवाल्याच्या टपरीवर जाऊन उभी राहा."

"किती दिवस?"

"मंगळवारपर्यंत तरी," मी म्हटलं.

जाताना तिने ते कार्ड मागितलं. दिलं नाही, कारण ते एका खास दिवसाचं आहे. त्यानंतरच्या वर्षीच्या करवा चौथचं. त्या संध्याकाळी सात वाजल्यापासून आमच्या प्रत्येक टॉवरखाली एक माणूस उभा होता. ऑफिसातल्या मराठी कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ पेन्सिलीने खोडून मी दिल्लीची लिहिली होती. आठ वाजले. एकही फोन नाही. मी फोन उचलून चालू आहे ना ते पाहिलं. सव्वाआठला तो वाजला आणि पलीकडे ब्रिगेडियरीणबाई होत्या.

"लिफ्ट?" मी विचारलं.

"लिफ्ट तो फर्स्ट क्लास है. हम सब ऊपर खड़े हैं. पर बादल आ गए, चाँद नहीं दिख रहा. मैंने सोचा आपको बता दूँ, आप ही कुछ करेंगी."

मागे गच्चीवरच्या सगळ्या बायका हसत होत्या. मी कार्ड ओढलं आणि नियमाप्रमाणे भरलं. तक्रार, चंद्र दिसत नाही. सापडलेला दोष, हा रकाना भरण्याआधी मी जिना चढून आमचं ऑफिस ज्या बाजारात होतं तिथल्या गच्चीवर गेले आणि स्वतः पाहिलं, ढग. केलेली दुरुस्ती, काही नाही, वाट पाहिली. पावणेनऊला चंद्र निघाला.